उकंडरावाच्या पाच लोखंडी बाया

शेगावात उकंडरावाच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा दारातच थबके आणि विचारी, "इथं गाडीबिडी घसरली होती काय?" प्रश्न गैर नव्हता. आगगाडीचा रूळ हाकेच्या अंतरावर होता, आणि अंगणाची अवस्था पाहता मालगाडीचा एखादा डबा उडून तिथं फुटला असावा, असं कुणालाही वाटलं असतं. मोडकी नरसाळी, बूड गेलेल्या बादल्या, दात झिजलेली चाकं, फुटके कंदील, तराजूची पारडी, एका पायावर उभं असलेलं शिवणयंत्र. या सगळ्यातून घराकडे जायला एक पायवाट होती. ती उकंडराव, त्याची बायको झुंबरबाई आणि एक मांजर यांनाच ठाऊक होती. बाकीच्यांचं धोतर तरी फाटे, नाहीतर गुडघा तरी.

उकंडराव माझा शेजारी आणि वयानं बरोबरीचा, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. गावाबाहेर विहिरीवर त्याचा छोटा मळा होता. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, अशी भाजी तो बाजारात विके. अडचण एवढीच होती की, टोपली रिकामी करून घरी यावं हे त्याला जन्मात जमलं नाही. जाताना टोपलीत वांगी असत, येताना गंजलेलं काहीतरी. झुंबरबाई म्हणे, "गावाले भाजी देते अन् गावाचा कचरा घरी आनते. असा यापारी कोनं पाह्यला काय?"

या माणसाची सुरुवातच मुळी उकिरड्यावरून झाली होती. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आमच्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं 'सापडलं गं बाई एक लेकरू' म्हणत उचलून आईच्या ओटीत घातलं. मृत्यूला वाटावं, टाकलेलं पोर दिसतंय, नेऊन काय करायचं? मृत्यू आमच्या भागात फारसा चौकस नसावा, कारण ही युक्ती पुष्कळदा लागू पडे. तर उकंडरावाला उकिरड्यावरून उचलणारी ती शेजारीण म्हणजे पत्रेवाल्या उस्मानमियांची बायको, हमीदा खाला. ती पुढं ऊठसूट त्याला बजावत राहिली, "मैंने उठाया था तेरेकू, भूलना नक्को."

हे सगळं घडलं ते स्टेशनमागच्या गल्लीत. उकंडरावाचं बालपण तिथंच गेलं, आणि पुढं संसारही तिथंच, आईच्याच घरात झाला. त्या गल्लीला नाव नव्हतं. पाटी कोणत्या भाषेत लावायची हेच बहुधा ठरलं नसावं. एका घरी उस्मानमिया पत्रा ठोकत. त्यांच्या शेजारी रेल्वेतला तेलुगू सांधेवाला, त्याची बायको नरसम्मा. समोर धान्य तोलणारा मारवाडी, त्याची मगनीबाई. पलीकडे कापसाच्या जिनिंगमधला गुजराती फिटर, त्याची जीवीबेन. आणि टोकाला उकंडरावाची आई तानुबाई, भाजीवाली, जिच्या आवाजाला सिग्नलदेखील पडत असे, असं लोक म्हणत.

या सगळ्यांना मिळून नळ होता एक. पहाटे पाणी येई आणि पाहता पाहता जाई. त्याआधीच हंडे, घागरी, डबे रांगेला लागलेले असत. कुणाचं भांडं कुणी पुढं सरकवलं की मग काय विचारता! तेलुगू, मारवाडी, गुजराती, उर्दू आणि आमची वऱ्हाडी अशा पाच तोफा एकदम सुटत. एकमेकींची भाषा कुणाला धड बोलता येत नसे, पण शिव्या मात्र सगळ्याजणींना सगळ्या भाषांतल्या कळत. पाणी गेलं की भांडण खाडकन बंद. दुपारी त्याच पाचजणी जीवीबेनच्या ओट्यावर बसून शेवया करत, आणि सकाळी कुणाची शिवी चांगली बसली यावर पोट धरधरून हसत. लहानगा उकंडराव आईच्या घागरीपाशी जागा राखत बसे आणि तोंड उघडं टाकून हा सोहळा पाही. मला वाटतं, ते तोंड पुढं कधी पुरतं मिटलंच नाही.

कारण मोठेपणी या माणसानं ते भांडण लोखंडात उभं केलं!

शिल्प हा शब्द त्याच्या गावीही नव्हता. तो त्याला नुसतं 'नळ' म्हणे. मधोमध भंगारातला एक जुना, खराखुरा नळ, आणि भोवती कमरेएवढ्या उंचीच्या पाच बाया. हमीदा खालाचं नाक म्हणजे तेलाचं नरसाळं, टोकदार आणि पुढं आलेलं. नरसम्माचे डोळे रेल्वेच्या फुटक्या कंदिलाच्या काचांचे, एक हिरवा, एक लाल. मगनीबाईच्या दोन्ही कानांत तराजूची पारडी. जीवीबेनचं तोंड म्हणजे जिनिंगचं दात्यांचं चाक, कापूस पिंजल्यासारखं बोलणारं. स्वतःच्या आईलाही त्यानं सोडलं नव्हतं. तिची जीभ होती खुरप्याची. उस्मानमियांनी लहानपणी शिकवलेलं रिवेट मारणं आणि कथील लावून जोडणं इथं कामी आलं. शिवणयंत्राचं चाक फिरवलं की पाचही बायांचे हात वरखाली होत, हातातले डबे एकमेकांवर आदळत, पारडी हलत, दाते करकरत, आणि असा खणखणाट उठे की आमच्या घरात दुधावर टपलेली मांजरं पळत. ही मांजरं तशी कशालाच भीत नसत.

झुंबरबाई मात्र भीत नव्हती, ती वैतागली होती. ती उंद्रीची लेक. माहेर शेतकऱ्याचं, गोठा भरलेला. तिच्या भावानं, इंद्रभाननं, एक दुभती म्हैस देऊ केली होती. पण म्हैस बांधायची कुठं? अंगणात तर पाच बाया नि त्यांचं गणगोत.

"तुमी मले सांगा," तिनं एके दिवशी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "या बाया दूध देतीन काय?"

"अवं, पाह्य त खरं. हे आपल्या गल्लीचं..."

"तुमच्या गल्लीचं. माही गल्ली उंद्रीत हाये."

मी मध्ये पडलो. शेजारधर्म आणि चहा, दोन्ही धोक्यात होते. बुलढाण्याला शेतकरी आणि कारागीर यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, जिल्हा परिषद तर नवी कोरी होती, आणि नव्या सुनेनं पहिल्या सणाला करावी तशी सगळी धावपळ चालू होती. त्यात हस्तकलेचाही मंडप होता. मी म्हटलं, "वहिनी, नळ तिथं नेऊ. लोक काय म्हणतात ते पाहू."

झुंबरबाईनं विचार केला आणि अट घातली. "एका परक्या मानसानं, कोनी न इचारता, 'चांगलं हाये' म्हनलं पाह्यजे. म्हनलं, त म्या तोंडातून शबुद काढनार नाई. नाई म्हनलं, त सारं भंगारवाल्याले. आंगन म्हशीचं. अन् म्या सोबत येईन, आपल्या कानानं ऐकीन."

उकंडरावानं मान डोलावली. पण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तो मी पाहिला. अंगण म्हशीचं झालं तर हा माणूस नुसता भाजीवाला उरेल, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

बुलढाण्याला आगगाडी जात नाही. तिथं जायला एसटी आणि बोथ्याचा घाट. नळ एसटीच्या टपावर दोरांनी आवळून बांधला. उकंडराव स्वतः वर चढून प्रत्येक गाठ तपासत होता, तेव्हा कंडक्टर खालून ओरडला, "अरे, बाया हायेत का पोती? तिकीट कायचं फाडू?"

खामगावपर्यंत सगळं ठीक होतं. घाट लागला आणि गाडीचं चाक पहिल्या खड्ड्यात गेलं. टपावर पाचजणी एकदम जाग्या झाल्या. दुसऱ्या खड्ड्याला भांडण रंगात आलं. गाडीतले लोक छताकडे पाहू लागले. एक म्हातारा हातातली पिशवी छातीशी धरून म्हणाला, "वर कोन भांडून राह्यलं बाप्पा?"

"माही माय," उकंडराव अभिमानानं म्हणाला.

"तुही माय टपावर? अन् तू आत?" म्हाताऱ्यानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शेजारच्या दोन बायकांनी सरकून जागा बदलली. झुंबरबाई खिडकीबाहेर पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

प्रदर्शनाच्या फाटकावर विस्तार अधिकारी रंगराव उभे होते. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि जिल्ह्याला दिवाळीच्या आत सुधारून टाकायचा निर्धार. माणूस सज्जन आणि प्रचंड उत्साही. उत्साह इतका की समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहणं त्यांना परवडत नसे.

"शेती करता?" त्यांनी विचारलं.

"हाव. भाजीपाला. पन साहेब, हे..."

"फिरतं?"

"हाव, फिरते."

"आवाज?"

"लय! पन थो आवाज म्हंजे..."

"पाखरं हाकलायचं यंत्र!" रंगरावांनी टाळी वाजवली. "शाबास! ज्वारी हुरड्यावर आली, पाखरांनी उच्छाद मांडलाय, आणि आमचा शेतकरी अजून माळ्यावर बसून गोफणी फिरवतोय. हेच पाहिजे होतं. अवजारांच्या मंडपात न्या!"

"साहेब, या बाया हायेत," उकंडराव कळवळून म्हणाला.

"बुजगावण्याला बाईचा आकार? नवी कल्पना! उत्तम!"

आणि आमचा नळ लोखंडी नांगर नि फवारणीच्या पंपाच्या मध्ये जाऊन उभा राहिला. वर पाटी लागली: 'पाखरे हाकलण्याचे यंत्र, शेगाव.'

मग आले शेतकरी. आमच्या जिल्ह्यातला शेतकरी प्रदर्शनात एखादं अवजार पाहतो ते मुलीसाठी स्थळ पाहावं तसं. घाई नाही, हसू नाही, आणि खोट काढल्याशिवाय पुढं जाणं नाही. दोघं-तिघं नळाभोवती उकिडवे बसले.

"बैल कुठं जुपाचे याले?"

"बैल नाई लागत बे. हातानं फिरते."

"मंग हे नाक कायले?"

"नाकातून बी पडत असन."

"बी पडते त पाखरं हाकलाचं काऊन म्हनते?"

"आधी पेराचं, मंग हाकलाचं. दोनी कामं करते. माह्या साळ्यानं घेतलं ना मागच्या साली. थे लाल डोळ्याचं हाये, हे हिरव्या-लालचं."

साळ्यानं घेतलेल्या यंत्राची कीर्ती ऐकून उकंडराव थक्क झाला. झुंबरबाई पदर कानामागे सारून, डोळे मिटून उभी होती. नुसती ऐकत होती. एक जण उठता उठता म्हणाला, "वाईट नाई." मी पटकन तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळेही उघडले नाहीत. "हे धरनार नाई," ती म्हणाली. "थे यंत्राले म्हनून राह्यले. तुमच्या बायाईले नाई."

तिचं बरोबरच होतं. उकंडरावही म्हणाला, "हाव. हे धरू नको."

दुपारी रंगरावांनी प्रात्यक्षिक जाहीर केलं. मंडपासमोर ताडपत्री पसरली, तिच्यावर ज्वारी टाकली, आणि सगळे मागं सरकून श्वास धरून उभे राहिले. बाजारातल्या चिमण्या आल्या. आधी एक, मग थवा. रंगरावांनी रुमाल उंचावला. उकंडरावानं चाक फिरवलं.

खणखणाट असा उठला की पलीकडच्या मंडपातून दोन खिल्लारी गोऱ्हे दावं तोडून पळाले. एक पुढारी खुर्चीवरून अर्धा उठला. चिमण्या भुर्रकन उडाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि चिमण्यांनी हवेत एक गिरकी घेतली, खाली आल्या, आणि नळावर बसल्या. बाजारात वाढलेल्या चिमण्या त्या! भांड्यांच्या आवाजाला त्या काय भिणार? भांडी वाजली की जवळपास काहीतरी सांडणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. एक नरसम्माच्या डोक्यावर, दोन खालाच्या नाकावर, आणि मगनीबाईच्या पारड्यात तर अशा बसल्या की डावं उजवं समतोल झालं. उकंडराव जीव खाऊन चाक फिरवतोय आणि चिमण्या झोके घेतायत.

लोक हसता हसता एकमेकांवर पडू लागले. "पाखरं हाकलाचं नाई, पाखरं पोसाचं यंतर हाये हे!" कुणीतरी ओरडलं. रंगरावांनी रुमाल हळूच खिशात घातला. उकंडरावाचा हात थांबला. "चांगलं" म्हणणारं आता कोण उरलं होतं?

तेवढ्यात गर्दीच्या मागून एक आवाज आला. "रुको! थांबा जरा! ये आवाज किधर का है?"

गर्दी फाटली. काठी टेकत, बुरख्याचा पडदा मागं टाकलेली, चष्म्याच्या एका काचेला दोरा गुंडाळलेली एक म्हातारी पुढं आली. हमीदा खाला! उस्मानमिया गेल्यावर ती मुलाकडे, बुलढाण्याला राहायला आली होती. मुलगा कोर्टात शिपाई होता. मिरच्या घ्यायला आली होती, पिशवी हातात तशीच.

ती नळापाशी आली. बोटांनी चाचपलं. हिरवी काच, लाल काच. "ये नरसम्मा," ती पुटपुटली. पारडं हलवलं. "मगनी." दात्यांवर बोट फिरवलं. "या अल्ला, जीवीबेन का मुँह!" खुरप्याला हात लागला तशी ती खळाळून हसली. "तानुबाई! बिलकुल तानुबाई!" आणि मग हात नरसाळ्यावर आला. हसू थांबलं.

"आणि हे कोण?"

उकंडरावानं खाली पाहिलं.

"क्यूँ रे उकंड्या, ये मेरी नाक है?"

"खाला, थे..."

"इत्ती लंबी? इत्ती? मैंने तेरेकू उकिरड्यावरून उचललं, और तूने मेरे मुँहपे नरसाळं ठोका?"

काठी त्याच्या पाठीवर बसली. जोरात नव्हे, पण बसली. मग तिनं काठी माझ्या हातात दिली, पदर खोचावा तसा बुरखा खोचला, आणि शिवणयंत्राचं चाक स्वतः फिरवू लागली. हात वरखाली होऊ लागले तशी ती बोलायला लागली. आधी नरसम्मा झाली, मग मगनीबाई, मग जीवीबेन. कोणाची घागर कुणी सरकवली, कुणी कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, सगळं, पाचही भाषांत, पाचही आवाजांत! चिमण्या एकदाच्या उडाल्या. लोखंडाला न भिणाऱ्या चिमण्या खालाला भ्यायल्या!

गर्दीतल्या बाया पुढं घुसल्या. नळ म्हटल्यावर त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. चिखलीची एक बाई ओरडली, "अवं, आमच्या नळावर अशीच एक हाये!" मेहकरची म्हणाली, "मले फिरवू दे ना!" ज्या-त्या बाईला आपल्या गल्लीतलं भांडण आठवलं. पाटीवरचं पाखरांचं यंत्र कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मघाचा तो साळ्यावाला शेतकरी अजून विचारत होता, "मंग बी कुठून पडते?", तर त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसून गप्प केलं. रंगरावांनी थोडा वेळ पाहिलं, मग स्वतःच पाटी काढून घेतली आणि चाक फिरवणाऱ्या बायांची रांग लावायला धावले. रांगेत लगेच भांडण झालं, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी आम्ही तिघं मंडपामागे चहा पीत बसलो. खाला मिरच्यांची पिशवी विसरून गेली होती, ती माझ्या मांडीवर होती. उकंडराव बशीकडे पाहत म्हणाला, "अवं, कोनी चांगलं म्हनलं नाई. खाला त परकी बी नाई अन् थिनं माराच दिला. तू जितली. इंद्रभानले सांग, म्हैस आन म्हना."

झुंबरबाईनं चहा बशीत ओतला. ती चहा फुंकत राहिली. मग एकदम म्हणाली, "म्या काऊन नाई त्याच्यात?"

"कायच्यात?"

"नळावर. मी काऊन नाई?"

"अवं, तू कुठं होती तवा? तू उंद्रीत होती. थे माह्या लहानपनचं हाये."

"अन् लगन झाल्यापासून पानी कोन भरून राह्यलं? तुमची नरसम्मा? त्याच नळावर उभी राह्यतो ना मी, रोज पाह्यटे? या पाचीजनी गेल्या, कोनी वर गेल्या, कोनी गाव सोडून. आता भांडाले मीच हावो ना तिथं!"

उकंडरावाचं तोंड उघडं पडलं. "जागा नाई त्याच्यात," तो चाचरला. "पाच हाताचं चाक हाये."

"सहावा लावा."

"कायचा करू? पत्रा..."

"पत्र्याची नाई व्हत मी!" तिनं कप खाली आदळला. "पितळेची करा. माह्या माहेरचा हंडा हाये ना, बूड गळते म्हनून माळ्यावर टाकला थो? थो घ्या. अन् नरसाळंबिरसाळं लावसान त पाह्यजा. नाक साजरं पाह्यजे. अन् एक सांगून ठेवतो."

"काय?"

"भांडनात मी जितली पाह्यजे."

उकंडराव ताडकन उठला. त्याला तिथंच, त्या क्षणी, बुलढाण्याच्या भर मैदानात सुरुवात करायची होती. परतीच्या गाडीत तो सारखा बोटांनी हवेत काहीतरी जुळवत होता. घाटात टपावर बाया भांडत होत्या, आणि हा खाली हिशेब करत होता की यंत्रात एका बाईला जिंकवायचं कसं? सगळ्या हातांना चाक तर एकच! अखेर त्याला सुचलं. सहाव्या बाईचा हात इतरांपेक्षा वीतभर लांब ठेवायचा, म्हणजे पाचही डबे वाजून झाल्यावर शेवटचा ठोका तिचाच पडेल.

तसंच झालं. पितळी हंडा घुमणाऱ्या आवाजात, सगळ्यांच्या वर, शेवटी एकदाच वाजतो. ढण्ण! म्हैस इंद्रभानच्याच गोठ्यात राहिली, दूध आम्ही विकत घेतो. आणि अंगणातली पायवाट आता आणखी अरुंद झाली आहे, कारण बाजारातून येताना झुंबरबाईची टोपलीही हल्ली रिकामी नसते.